तांबडमाळावरचा हौद

बरकत पखाली जन्मात कुणाला 'न्हाई' म्हणाला नाही, असं चाकणचे लोक कौतुकानं सांगायचे. खरं विचाराल तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या बापानं, अन्वर पखाल्यानं, त्याला लहानपणीच कानाला धरून शिकवलं होतं, की पखाल्यानं पाण्याला नकार द्यायचा नाही. कुणी ओंजळ पुढं केली की पखालीचं तोंड सोडायचं. आत किती उरलंय ते आपल्या पोटात ठेवायचं, पिणाऱ्याला सांगत बसायचं नाही. बाप एवढं शिकवून मरून गेला. पण पोराच्या अंगात ते असं मुरलं की पाणी सोडाच, कसल्याच गोष्टीला त्याच्या तोंडून नकार निघेना. व्याह्यानं बैल मागितला, दिला. शेजाऱ्यानं परसातली भिंत हातभर आत सरकवली, तर हा त्याला दगड उचलून द्यायला गेला. त्याची बायको ताजुन्निसा कपाळाला हात लावायची. "तुमच्या तोंडाला कुलूप न्हाई, दारच हाय नुसतं," म्हणायची.

पखालीचं काम म्हणजे सोपं नाही बरं. कातड्याची ती भली मोठी पिशवी हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर दोन्ही अंगांना लोंबती टाकायची, विहिरीवर भरायची आणि गावभर हिंडायचं. चाकणच्या कांद्याच्या बाजारात, लग्नांच्या मांडवांत, सडकेच्या कामावर खडी दाबताना, बरकतनं तीस वर्षं पाणी घातलं. पुढं पिंपरीकडं कारखाने आले, त्यांच्या चाळींत नळ आले, सडकेवर पाण्याच्या मोटारी आल्या. लोकांना पखालीच्या पाण्याला कातड्याचा वास यायला लागला. तीस वर्षं आला नव्हता तो! एकोणीसशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात बरकतकडं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे तांबडमाळावरचा हौद भरायचं.

निघोजे गावाच्या वर उत्तरेला चढून गेलं की तांबडमाळ लागायचा. नुसता मुरूम, खडक, हिवर आणि बाभळीची खुरटी झाडं. इंद्रायणी मागं खाली राहायची आणि पुढं कोसच्या कोस पाण्याचा टिपूस नाही. तिथं हरणं होती, लांडगे होते, माळढोक होते, म्हणून सरकारनं ते रान राखीव केलं. वाटेच्या तोंडाशी एक चौकी आणि चौकीवर एक रखवालदार. आत अडीच कोसांवर जनावरांसाठी दगडी हौद बांधलेला, आणि उन्हाळ्यात दर गुरुवारी तो भरायचं काम बरकतकडं. दिवसात दोन-दोन खेपा करताना त्याचा नवाब नावाचा हल्या तोंडाला फेस आणायचा. पण बरकतला ते काम आवडायचं. हरणं लांब उभी राहून त्याच्या जाण्याची वाट बघायची.

आता इथं यशवंतराव आले. हे पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. बोलायला गोड, आणि साहेबांपर्यंत हात पोचलेला. कारखान्यात पाणीवाल्याची जागा निघणार होती. कायमची नोकरी, पगार, राहायला खोली. यशवंतराव बरकतला म्हणाले, "गुरुवारी साहेब गेटवर येतात. तू येऊन उभा राहा. मी दाखवतो तुला." बरकत गेला. दिवसभर उभा राहिला, साहेब काही आले नाहीत. पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावलं, पुन्हा गेला. म्हणजे लागोपाठ दोन गुरुवार हौद भरलाच गेला नाही. गुरुवारी रखवालदार बाजाराला गेलेला असायचा. शुक्रवारी त्यानं विचारलं, "काय बरकत, भरला का हौद?" आणि बरकत म्हणाला, "व्हय जी, भरला." नेहमीच्या माणसानं नेहमीचं विचारलं, ह्यानं नेहमीचं उत्तर दिलं. उद्या भरू, परवा भरू, असं मनाशी म्हणत राहिला.

तेवढ्यात यशवंतरावांनी निरोप धाडला. कारखान्यातली मंडळी रविवारी तांबडमाळावर हरणं बघायला येणार, दिवसभर पायी हिंडणार, तू पाणी घेऊन ये. साहेबांचा मेहुणाही बरोबर आहे, तुझं काम झालंच म्हणून समज.

ताजुन्निसा म्हणाली, "आधी हौद भरा. मग ह्यांच्या मागं जावा."

"अगं, थोडं तरी पाणी असंल त्यात," बरकत म्हणाला. "सोमवारी भरतो."

रविवारी उजाडता उजाडता अकरा जणं चौकीवर जमली. रखवालदारानं डोकी मोजली आणि संध्याकाळी पुन्हा मोजीन म्हणाला. मंडळींत यशवंतराव होते, तो मेहुणा होता, कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स सुमनताई होत्या, आणखी दोघी-तिघी बायका होत्या. आणि एक ज्योतीराम म्हणून फिटर होता, उस्मानाबादकडचा, बाविशीतला, नुकताच कामाला लागलेला. ह्या पोराचा उत्साह विचारू नका. साऱ्यांच्या पुढं चालायचा, मागं वळून नवाबशी बोलायचा, बरकतला मामा म्हणायचा.

"मामा, आमच्याकडं बी असाच माळ हाय बघा. पर हरणं न्हाईत. दुष्काळात लोकांनी खाल्ली सगळी." आणि हसायचा.

पहिल्या कोसावर बाभळीखाली मंडळी पोह्यांना बसली. आणि इथून सगळं बिघडत गेलं. कुणी हात धुतले, कुणी पाय धुतले. मेहुण्यानं धूळ बसली म्हणून डोक्यावर दोन तांबे ओतून घेतले. पितळी ताटल्या खाऊन झाल्यावर मातीनं घासायच्या सोडून पाण्यानं खंगाळल्या. नळाची सवय लागलेली माणसं ती! बरकत पखालीचं तोंड सोडायचा, बांधायचा, पुन्हा सोडायचा. हाताखाली पखाल सैल पडत चाललेली त्याला कळत होती. एकदा जिभेवर आलं, की राव, जरा जपून. पण यशवंतराव मेहुण्याला सांगत होते, "बघा, म्हटलं नव्हतं? माणूस कसा हुकमाचा आहे!" बरकतनं ओठ मिटले आणि मेहुण्याच्या रुमालावर पाणी ओतलं.

पुढं चढावर हरणं दिसली. पाच होती, एक पाडस. ज्योतीराम ओरडला, "मामा!" आणि टोपी मागंच टाकून त्यांच्या मागं धावत सुटला. हरणं कुठची सापडताहेत? ती टेकाडामागं गेली, तोही गेला. चांगला अर्धा तास उन्हात उंडारून परत आला तेव्हा चेहरा लालबुंद होता, पण हसू मावत नव्हतं. "पाडस अगदी जवळ आलं होतं, मामा. डोळ्यात बघितलं माझ्या." त्याला दोन तांबे पाणी दिलं. त्यातलं निम्मं त्यानं अंगावर सांडलं.

खिंडीत पोचेपर्यंत दहा वाजून गेले. खिंड म्हणजे चौकीपासून दोन कोस, आणि तिथून हौद फक्त अर्धा कोस पुढं. तिथं ज्योतीराम एका दगडावर बसला आणि ओकला. सुमनताईंनी कपाळाला हात लावला, नाडी बघितली, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"याला घाम येत नाहीये. अंग तव्यासारखं तापलंय. याला भिजवायला हवं, भरपूर पाण्यात, आणि लगेच. बरकतभाई, पखालीत किती आहे?"

बरकतनं पखाल दाबून बघितली. तळाशी तीन-चार तांबे असतील नसतील. त्यानं तिचं तोंड पुन्हा बांधलं. सुमनताईंनी स्वतःच हात लावून बघितला.

यशवंतराव म्हणाले, "अहो, घाबरताय कशाला? पुढं हौद आहे ना. हाच तर भरतो."

सुमनताई बरकतच्या अगदी समोर आल्या. शांत बाई होत्या त्या, एकेक शब्द तोडून बोलल्या. "बरकतभाई, नीट ऐका. पुढं हौदात पाणी असेल तर पुढं जाऊ, जवळ आहे. नसेल तर आत्ताच्या आत्ता मागं फिरू. ऊन अजून डोक्यावर आलेलं नाही, हे तीन-चार तांबे त्याच्या अंगावर टाकत टाकत आपण चौकी गाठू. तुम्हाला ठाऊक आहे, आम्हाला नाही. हौदात पाणी आहे का?"

दोन गुरुवार. मे महिन्याचं ऊन. तीस वर्षांच्या पाणक्याला हे कळत नाही का? त्याला लख्ख कळत होतं. दहा जणं त्याच्या तोंडाकडं बघत होती. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. मग रखवालदाराशी खोटं बोललेलं बाहेर पडणार, मेहुण्यासमोर, यशवंतरावांसमोर. नोकरी गेली, खोली गेली, हौदाचं कामही गेलं. हे सगळं त्याच्या डोक्यातून निमिषात फिरलं. आणि शिवाय असेलही की थोडं! तळाला असेल. अल्लाला काय अवघड आहे!

"हाय, ताई," बरकत म्हणाला.

त्या क्षणी कुणी त्याच्या थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं.

उरलेलं पाणी सुमनताईंनी पोराच्या डोक्यावर, छातीवर घातलं. पुढं पाणी आहे, मग राखायचं कशाला? शेवटचा अर्धा तांबा तेवढा ठेवला. ज्योतीरामला दोघांनी धरून चालवलं. त्याला शुद्ध होती, पण बोलणं भरकटायला लागलं होतं. मधेच आईला हाका मारायचा, मधेच हरणांचं बोलायचा. बरकत नवाबचं दावं धरून पुढं चालला होता. तोंडानं अल्लाचं नाव चाललं होतं, आणि एकेक पाऊल मणामणाचं झालं होतं. थांबावं, वळावं, सांगावं, अजून काही बिघडलेलं नाही, असं दर पावलाला वाटायचं. आणि दर पावलाला वाटायचं, आता एवढं आल्यावर काय सांगायचं? टेकाड चढलं की दिसंल.

टेकाड चढलं आणि दिसलं. हौदाच्या तळाला वाळलेल्या शेवाळाची पापुद्री उलली होती. पाण्याचा थेंब नाही. कडेला हरणाची एक मादी मरून पडली होती, मान हौदाच्या काठावर टाकलेली. माशा घोंघावत होत्या.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगायचा? बायका रडायला लागल्या. मेहुणा ओरडला, "हा हौद भरतो कोण? त्याला फोडून काढला पाहिजे!" यशवंतरावांनी बरकतकडं बघितलं. त्यांना कळलं. दोन्ही गुरुवारी बरकत कुठं उभा होता हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "हौदाला चीर गेलेली दिसतेय. पाणी पाझरलं असणार."

चीर! त्या हौदाचा एकेक दगड बरकतला पाठ होता. पण तो दावं हाताला गुंडाळत राहिला. सुमनताईंनी फक्त एकदा बरकतकडं बघितलं, आणि पोराचं डोकं मांडीवर घेऊन शेवटच्या अर्ध्या तांब्यातलं पाणी पदराच्या टोकानं त्याच्या ओठांना लावलं. पहिला थेंब ओठावरून ओघळून गेला. दुसरा गिळला.

बरकतच्या अंगात मग काय संचारलं कोण जाणे. त्यानं कंबरेचा सुरा काढून पखालीचे बंद कापले आणि पखाल तिथंच मातीत टाकली. हल्याच्या मोकळ्या पाठीवर ज्योतीरामला पालथा घातला, फेट्यानं बांधला, आणि नवाबला मागं वळवलं. अडीच कोस. डोक्यावर माथ्याचं ऊन. हल्या म्हणजे पाण्यातलं जनावर, त्याला ऊन सोसत नाही. तरी तो बिचारा खिंड उतरून कोसभर आला. मग त्याचे पुढचे पाय दुमडले आणि तो बसला. बरकतनं शेपटी पिळली, शिव्या दिल्या, मग हात जोडले. नवाब काही उठला नाही.

बरकतनं पोराला सोडवून खांद्यावर घेतलं. बावन्न वर्षांचा माणूस तो, आणि पोर चांगलं हाडापेराचं. यशवंतराव म्हणाले, "आळीपाळीनं घेऊ." बरकतनं त्यांना हात लावू दिला नाही. दगडाला ठेचकाळत, गुडघ्यांवर पडत, उठत तो चालला. ज्योतीरामचं तोंड त्याच्या कानाशी होतं. श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा, भराभर. "मामा," पोर एकदा म्हणालं, "हौद लांब हाय का अजून?"

"आला बग. हितंच हाय," बरकत म्हणाला. "आला, आला."

चौकीचं पत्र्याचं छप्पर दिसलं तेव्हा कानाशी येणारा श्वास थांबलेला होता. बरकतला कळलं होतं. पण तो थांबला नाही. त्यानं पळतच जाऊन पोराला रांजणापाशी निजवलं आणि घागरीमागून घागर त्याच्यावर ओतत सुटला. सुमनताई मागून पोचल्या, त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटवले, आणि बरकतचा हात धरला. तरी तो ओततच होता. शेवटी रखवालदारानं घागर हिसकावून घेतली.

पंधरा दिवसांनी बरकतला पाणीवाल्याची नोकरी लागली. परक्याच्या पोराला ज्यानं कोसभर खांद्यावर वाहून आणलं, स्वतःचा हल्या ज्यात गमावला, त्याला कारखान्यानं वाऱ्यावर कसं सोडायचं? मेहुण्यानंच साहेबांच्या कानावर घातलं. यशवंतरावांनी हार घालून फोटो काढायची तयारी केली. ताजुन्निसा दोन दिवस जेवली नव्हती. ती म्हणाली, "घ्या. 'न्हाई' म्हणणं तर तुम्हाला येतच न्हाई."

बरकतनं नोकरी घेतली. घेतली म्हणजे काय, त्याला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याच्या हातात नळांची चावी दिली, ती त्यानं धरली. दोन दिवस त्यानं नळ सोडले आणि बंद केले.

तिसऱ्या दिवशी ज्योतीरामची आई आली. सोजराबाई नाव. पोराचं सामान न्यायला उस्मानाबादेहून एकटी आली होती. दहनाला तिला पोचता आलं नव्हतं, तार उशिरा मिळाली. चाळीच्या ओट्यावर ती पत्र्याची पेटी जवळ घेऊन बसली होती, आणि येणारा-जाणारा तिला सांगत होता, हा बघा, ह्यानं तुमच्या पोराला खांद्यावर आणलं. म्हातारी उठली आणि बरकतच्या पायांवर वाकायला लागली.

बरकत मागं सरला. त्याला वाटलं, आता नाही सांगितलं तर आपण उभ्याउभ्या फुटून जाऊ. तो तिच्या समोर खाली मातीत बसला.

"आई, हौद भरायचं काम माझं व्हतं. दोन गुरुवार म्या भरला न्हाई. त्यात पानी नसनार ह्ये मला ठावं व्हतं. ताईंनी मला सरळ इचारलं, पानी हाय का, म्हणून. म्या हाय म्हणालो. त्या मागंच फिरनार व्हत्या. मागं फिरले असते तर पोरगं वाचलं असतं."

यशवंतराव पुढं येत म्हणाले, "अहो, मनाला लावून घेतलंय त्यानं, काहीतरीच बोलतोय..." आणि सोजराबाईच्या एका नजरेनं तिथंच थांबले.

ती पुन्हा खाली बसली. बराच वेळ पेटीच्या कडीशी तिची बोटं चाळा करत होती.

"का म्हणालासा?" तिनं विचारलं.

"ह्या नोकरीपायी," बरकत म्हणाला. त्याला आणखी सांगायचं होतं, बापाचं, सवयीचं. पण ते सगळं त्याला स्वतःलाच खोटं वाटलं, म्हणून तेवढंच म्हणाला.

"माझं लेकरू काय म्हणालं शेवटाला?"

"हौद लांब हाय का, म्हणालं."

तिनं डोळे मिटले. तिच्या गळ्यातून जो आवाज आला त्यानं चाळीतल्या बायका घरांतून बाहेर आल्या. कुणीतरी तिला पाणी दिलं, ते तिनं बाजूला सारलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "कशाला गेलं हो ते तिकडं?"

"हरणं बघाया."

"दिसली का त्याला?"

"दिसली, आई. पाच व्हती. एक पाडस व्हतं. मागं पळाला त्यांच्या. लई खूश झाला व्हता."

"पाडस केवढं होतं?"

बरकतनं हातानं उंची दाखवली. ती त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं पुन्हा विचारलं, कुठून आली हरणं, कशी पळाली, तो काय ओरडला. बरकतनं सगळं सांगितलं. सांगून झालं की ती म्हणायची, "आता पुन्हा सांगा." एस.टी.ची वेळ होईपर्यंत त्यानं ते चार वेळा सांगितलं.

सडकेपर्यंत पेटी त्यानंच नेली, तिनं नेऊ दिली. गाडी आली, पेटी टपावर चढली. सोजराबाई पायरीवर पाय ठेवून थांबली आणि मागं न वळताच बोलली.

"मी तुम्हाला माफ करायची न्हाई. तुम्ही खरं सांगितलंसा, म्हणून मी बी खरं सांगून जाते."

"व्हय, आई," बरकत म्हणाला.

गाडी गेली. त्यानं कमरेची चावी काढून मागोमाग सडकेपर्यंत आलेल्या यशवंतरावांच्या हातात दिली, आणि चाकणच्या वाटेला लागला.